आबांचं सलून

हिर्डोशीत भोर-महाड रस्त्याच्या कडेला आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, पत्र्याचं सलून टाकलं. त्याआधी घरात नुसती धोकटी. ती काखोटीला मारून घरोघरी हजामती करायच्या आणि सुगीला खळ्यावरून भाताचं बलुतं आणायचं. आबांना चालायचा भारी कंटाळा. 'गिऱ्हाईकानं चालावं,' एवढंच त्यांचं धोरण. घरातले आता त्याला दूरदृष्टी म्हणतात.

खुर्ची एक, आरसे दोन. मागचा आरसा मानेवरचं काम दाखवायला असतो. आबा मात्र त्यात एसटीतून कोण उतरलं ते बघायचे. ओळखीचं दिसलं की वस्तरा हातात घेऊन बाहेर! आत गिऱ्हाईकाच्या एका गालावर साबण वाळतोय.

हा हिरडस मावळ. कुणीतरी खुर्चीत बसून मिशीला पीळ देत बाजीप्रभूंचं नाव काढायचाच. आबा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा सावकाश फिरवत म्हणायचे, "खिंड लढवली, खरं हाय. पण 1660 साली पन्हाळ्यावरनं दुसऱ्या पालखीत महाराज म्हणून बसला कोण? शिवा काशीद. आमचा!" मग प्रतापगड. जिवा महालानं सय्यद बंडाचा हात कसा उडवला, ते वस्तऱ्यासकट करून दाखवायचे. गळ्याशी पातं असताना इतिहासावर वाद घालणारा माणूस या खोऱ्यात निपजला नाही.

कटिंग एकच यायची. पोरांनी बच्चनसारखी मागितली की 'बरं' म्हणून तीच कापायची. कुरकुर केलीच, तर "वाढू दे, मग दिसंल."

दिवाळीला सगळे जमले की आबांचं गिऱ्हाईक बढती घेतं. आत्या म्हणते, त्यांनी आमदाराची दाढी केली. काकांनी त्याला मंत्री केलंय. मला विचाराल तर तो तलाठी असावा.

पुढे नीरा-देवघर धरण झालं, गावं उठली, गिऱ्हाईकं पांगली. त्यातलं कुणी जत्रेला परत आलं की आबा रामरामाआधी मानेमागं बघायचे. "कुणी कापलं रं हे?"

आता चुलतभाऊ बसतो. फिरती खुर्ची, मशीन, प्रत्येकाला नवं ब्लेड. बोलतो कमी, कापतो आबांपेक्षा बरं. फक्त सोमवारी येऊ नका, बंद असतं.