आपला दावा विचाराधीन आहे

‘सागरी वातावरण, आर्द्रता, क्षार अथवा तत्सम नैसर्गिक कारणांमुळे उद्भवणारा गंज या वॉरंटीच्या कक्षेत येत नाही.’ कलम सात, उपकलम ड. माझ्या होडीला लावलेल्या विजेवरच्या मोटरचं हे वॉरंटी कार्ड. हे वाचून कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. मला आधी हेवा वाटला. उभा जन्म मी विमा कंपनीच्या दावे विभागात काढलाय. नकाराची वाक्यं रचण्यात माझा हात धरणारा आमच्या विभागीय कार्यालयात कुणी नव्हता. त्यामुळे ‘अथवा तत्सम’ ही जागा घ्यायला किती रियाज लागतो, ते मला विचारा. हवा वगळली, दमटपणा वगळला, मीठ वगळलं, आणि एवढं करून वर ‘तत्सम’! देवबागच्या आबा तांडेलांना मी ते वाक्य चालीवर वाचून दाखवलं. आबांनी विडी विझवली आणि म्हणाले, “म्हणजे मोटर कपाटात ठेवूक दिल्यानी काय?”

खोक्यावर मात्र निळाशार समुद्र छापलेला होता.

ही मोटर घेतलीच कशाला, हा प्रश्न विचारायचा अधिकार फक्त बायकोला आहे आणि तिने तो पुरेपूर बजावलेला आहे. खरं कारण नाजूक आहे. कर्लीच्या खाडीत पर्यटकांच्या बोटी धूर ओकत फटफटत जाव्यात आणि त्यांच्या मधून आपण निःशब्द सरकत जावं. हातात वल्हं नाही, कपाळावर घाम नाही. काठावरच्या लोकांनी एकमेकांना विचारावं, ‘हे गृहस्थ कोण?’ एवढीच माझी माफक अपेक्षा होती. विचारलं कुणीच नाही. एका बोटवाल्याने मात्र माझं इंजिन बंद पडलंय असं समजून मदतीला दोर फेकला.

आबांसमोर मी इतिहासही मांडून पाहिला. विजेची बोट ही आजची टूम नाही. याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवर बोट चालवली. गुस्ताव त्रुव्हे याने १८८१ मध्ये पॅरिसला सेन नदीत होडीच्या मागे अडकवायची आणि काढून घरी न्यायची विजेची मोटर लावून दाखवली. तुमच्या त्या पेट्रोलच्या आउटबोर्डला बाजारात रुजवणारा एव्हिनरूड १९०९चा, म्हणजे कालचा पोर. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मगे येवढ्या वर्सात सुदारली कशी नाय?”

पेट्रोलच्या आउटबोर्डात इंजिन वर, डोकं कोरडं ठेवून बसलेलं असतं. विजेवरच्या बऱ्याच मोटरींत खुद्द मोटरच पाण्याखाली असते, अॅल्युमिनियमच्या लांबट कवचात, पंख्याच्या लगेच पुढे. कवच अॅल्युमिनियमचं, दांडा आणि स्क्रू स्टेनलेसचे, आणि भोवती समुद्राचं पाणी, ज्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांच्या अंगावर खारं पाणी, एवढं जमलं की आपोआप एक बॅटरी तयार होते. त्यात दोघांपैकी भिडस्त धातू विरघळत जातो. इथे भिडस्त म्हणजे अॅल्युमिनियम. त्याचा गंज तांबडाही नसतो, की लांबून दिसावा. कवचावरच्या सुरेख राखाडी रंगाला बारीक फोड आले होते. एकावर नख दाबलं, तर रंगाचा पापुद्रा सुटून आतून पांढरी भुकटी सांडली आणि तिच्याखाली तांदळाचा दाणा सहज बसेल असा खड्डा निघाला.

असं होऊ नये म्हणून पंख्याजवळ जस्ताची एक रिंग बसवलेली असते. जस्त अॅल्युमिनियमहूनही भिडस्त. आधी ते विरघळतं आणि ते शिल्लक असेतो बाकीच्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. अर्धं झिजलं की बदलायचं. माझी रिंग पाहिली तर कालच दुकानातून आणल्यासारखी लखलखीत. बायकोला बोलावून दाखवली. म्हटलं, बघ, निगा म्हणतात ती ही! ती म्हणाली, “मग खड्डा कशाला पडला?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर सर हम्फ्री डेव्हींपासून सुरुवात करावी लागते. आमच्या घरी हे नाव काढलं की पाहुणे चपला शोधू लागतात. वाचकांना ती सोय नाही.

इंग्रजांच्या आरमाराची जहाजं लाकडी असत आणि उष्ण समुद्रातले किडे ती पोखरून खात. म्हणून १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. जहाज वेस्ट इंडीजची फेरी करून परतलं. पाहतात तो तांबं झकास, पण ते ज्या लोखंडी खिळ्यांना टेकलं होतं ते खिळे कुजून गेलेले. गंमत पुढेच आहे. पत्र्याला गुंडाळून आलेला तपकिरी कागद कामगारांनी काही ठिकाणी काढलाच नव्हता. तिथले खिळे शाबूत होते! हा कंटाळा ज्या कुणी केला त्याचं नाव इतिहासाने ठेवलं नाही. मी असतो तर पत्र लिहून कळवलं असतं.

पुढे खिळे बदलले, तरी तांबं स्वतः समुद्रात झिजतच राहिलं. तेव्हा आरमाराने डेव्हींना साकडं घातलं. माणूस साधासुधा नव्हे. १८०७ साली सोडियम आणि पोटॅशियम वेगळं करून दाखवलेला, १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा काढून त्याचं पेटंटही न घेतलेला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष, आणि फावल्या वेळात कविता करणारा. म्हणजे शेवटच्या मुद्द्यावर तरी माझ्याच पंगतीतला. १८२४ मध्ये त्यांनी सांगितलं की तांब्याला जस्ताचा किंवा बिडाचा छोटा तुकडा जोडा. तो झिजेल, तांबं झिजणार नाही. जहाजांवर तुकडे बसले. जहाजं फिरून आली आणि तांबं खरोखर जसंच्या तसं होतं. फक्त ते दिसत नव्हतं. बुडावर शेवाळाचं रान माजलं होतं आणि कवचवाल्या जिवांनी वसाहत केली होती. तांबं थोडंथोडं विरघळायचं, त्या विषामुळेच ही मंडळी आजवर लांब राहत होती. डेव्हींनी झीज थांबवली आणि बिऱ्हाडं आत आली. जहाजं मंदावली, आरमाराने तुकडे उपटून काढले आणि एवढ्या मोठ्या माणसाचं हसं झालं. सिद्धांत मात्र शंभर नंबरी. आज पोलादी जहाजांच्या बुडाला जस्ताचे नाहीतर अॅल्युमिनियमचे ठोकळे असतात ते त्याच जोरावर.

तर आमचं जस्त. वायरमनचा कॉलेजात जाणारा मुलगा मल्टिमीटर घेऊन आला. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावली की ते चिवचिवायचं. एक टोक रिंगला आणि दुसरं खड्ड्यातल्या उघड्या धातूला लावलं तर ढिम्म. त्याने रिंग सोडवली. तिच्या बैठकीवरही कारखान्याने तोच सुरेख राखाडी रंग दिला होता, आणि स्क्रूच्या आट्यांत घट्ट बसायचा डिंक. रिंग कवचाला चिकटून होती, पण विजेच्या हिशेबी दोघांची तोंडओळखही नव्हती. ‘अलार्म’वर कागदामुळे खिळे वाचले, माझ्याकडे रंगामुळे कवच गेलं. जस्त लखलखीत होतं ते माझ्या निगेने नव्हे, तर त्याला कुणी कामावरच घेतलं नव्हतं म्हणून.

आता दावा. पत्राचा पहिला मसुदा मी १६६४ सालच्या सिंधुदुर्गाच्या पायाभरणीपासून सुरू केला. खाऱ्या पाण्यात वस्तू कशी टिकवावी हे या किनाऱ्याला शिकवू नये, असा सूर होता. बायकोने विचारलं, “महाराजांचा मोटरशी काय संबंध?” तो परिच्छेद जड अंतःकरणाने गाळला. डेव्ही ठेवले.

कंपनीकडून उत्तर आलं, की मोटरच्या अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो पाठवा, त्याशिवाय दावा नोंदवता येत नाही. अनुक्रमांकाची पट्टी कवचावरच होती. पहिले चार आकडे दिसत होते; पुढचे गंजाने खाल्ले होते. गंजाची तक्रार करायची तर गंजाने न खाल्लेला आकडा हवा! मी खुर्चीत मागे टेकून या रचनेला मनोमन दाद दिली. शेवटी खोक्यावरचा आकडा चालला. मग अर्जात ‘पाण्याचा प्रकार’ आला आणि पर्याय दोनच निघाले, समुद्र किंवा तलाव. कर्लीची खाडी मे महिन्यात समुद्र असते, आषाढात जवळजवळ नदी आणि एरवी भरती-ओहोटीप्रमाणे मत बदलते. समुद्रात जस्त चालतं, मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचा तुकडा बरा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. हे सगळं सांगायला मी ग्राहक सेवेला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबलं.

तिकडून एका मुलाचा आवाज आला. जालन्याचा होता, पुण्यात नोकरीला. मी भरती-ओहोटी समजावून सांगितली, खाडी समजावून सांगितली, डेव्ही सुरू केले. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, “सर, मी समुद्र अजून बघितलेला नाही.”

नंतर मी फोन करत राहिलो, कधी तावातावाने, कधी खास ठेवणीतल्या उपरोधाने. त्याचं उत्तर ठरलेलं. “आपला दावा विचाराधीन आहे, सर. माझ्या हातात नाही, सर.” एकदा मी फार बोललो. कंपनीला उद्देशूनच बोललो, पण कान त्याचे होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि पुन्हा म्हणाला, “समजू शकतो, सर.”

मी नकार द्यायचो तेव्हा समोरच्या खुर्चीत माणूस बसलेला असायचा. खाली सही माझी असायची आणि शिव्याशापही मलाच मिळायचे. नवऱ्याच्या मागे कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेल्या बाईला ‘नियमात बसत नाही’ सांगायचं, तर तिच्याकडे बघून सांगावं लागायचं. कधी कधी तेवढ्या बघण्यानेच नियम जरा सैल व्हायचा. आता ‘नाही’ म्हणणारा कुठल्या मजल्यावर बसतो ते त्या मुलालाही ठाऊक नाही. त्याला फक्त पुढे बसवलाय. जगभरचं खारं पाणी आधी त्याच्या अंगावर येतं. तो झिजतो, मग त्याच्या जागी दुसरा येतो आणि मागचा महागडा धातू तसाच चकचकीत राहतो. डेव्हींनी सांगितलेलं कलम मात्र कंपन्या वाचत नाहीत. जे काहीच झिजू देत नाहीत, त्यांच्या बुडावर शेवाळ चढतं. उपकलम ड हे तसंच चढलेलं असणार.

त्यानंतर मी त्याच्यावर चिडणं बंद केलं. एकदा त्यानेच आवाज खाली आणून सांगितलं, “सर, गंजाची तक्रार करू नका, ती सातव्या कलमात जाते. जस्त जोडलेलंच नाही, हा बनावटीतला दोष आहे, तो तिसऱ्या कलमात येतो. आणि मीटरचा फोटो लावा. मोठा.” जन्मभर दावे विभागात मुरलेल्या माणसाला हे जालन्याच्या पोराने सांगावं! कानशिलं तापली. पण तसंच केलं.

सोबत कायद्याचा एक परिच्छेद जोडला. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मला ओरोसला. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तिथे वकिलावाचून स्वतः उभं राहता येतं, हे वाक्य मी ठळक केलं. आयोगापुढे मी डेव्ही मांडतोय हे चित्र मला इतकं आवडलं होतं, की कंपनीने नमतं घेऊ नये असंही क्षणभर वाटून गेलं.

कंपनीने नमतं घेतलं. ‘कोणतेही दायित्व मान्य न करता, केवळ सदिच्छेपोटी’ नवा खालचा भाग पाठवत असल्याचं पत्र आलं. ‘केवळ सदिच्छेपोटी’ला पुन्हा एकदा दाद दिली. पार्सल फोडून रिंग सोडवली. तिच्या बैठकीवरचा रंग या वेळी कारखान्यातच खरवडून काढलेला होता. खाली धातू उघडा, लख्ख. दायित्व मान्य नव्हतं, पण दोष मान्य होता. मीटर लावलं तर चिवचिवलं.

माझ्या पत्राने कंपनी हादरली, असं मी आठवडाभर सांगत फिरलो. मग त्या जालन्याच्या मुलाचा फोन आला. खुशीत होता. मी सहज विचारलं, “पत्र वरच्या लोकांना कसं वाटलं?” तो अडखळला. “सर, तुमची फाइल मोठी होती, ती उघडलीच नाही. फोटो तेवढा बघितला.”

दुसऱ्या दिवशी अभिप्रायाचा संदेश आला. ‘आमच्या प्रतिनिधीच्या सेवेस एक ते पाच तारे द्या.’ कंपनीला, कलमाला किंवा रंगाला तारे द्यायची जागा कुठेच नव्हती. जे कापायचं ते त्या पोराचंच. मी पाच दिले आणि तसल्या अर्जाच्या निषेधार्थ कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली आहेत. डेव्ही अजून यायचे आहेत.