साखळी किलोवर मिळेल

आमच्या सोसायटीतून परवा 301 वाल्यांची दुचाकी गेली. सकाळी दहापर्यंत अर्धी सोसायटी त्यांना भेटून आली होती. ‘रात्री अकराला कचरा टाकायला उतरलो तेव्हा चांगली होती हो,’ असं ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते आणि वहिनी डोळे टिपत चहा टाकत होत्या. जिना उतरताना जो तो आपापल्या गाडीच्या सीटवरून हात फिरवून जात होता. दुःख खरं होतं. पण त्याच्या तळाशी एक बारीकसा आनंदही होता, की बाबा, शेजारीच लावलेली असून आपली नाही नेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. ‘हँडल लॉक करून लावलेली दुचाकी अज्ञात चोरट्याने लांबवली.’ पुढेमागे हा चोरटा सापडला, तर त्याने ‘मौजमजेसाठी’ चोरी केल्याचं तपासात निष्पन्न होईल. माझी स्प्लेंडर 2011 ची आहे. चोक ओढून, सहा किका मारून, सातवीला देवाचं नाव घेतलं की सुरू होते. तिच्यावर बसून मौज करून दाखवणाऱ्याला मी आरसी बुक घरपोच देईन.

तरी धास्ती बसली. त्यात 301 वाल्यांनी विम्याची कहाणी ऐकवली. कंपनीने गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागितल्या आणि पोलिसांची ‘अ समरी’ मागितली. म्हणजे गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही, असा कागद. चोर सापडत नाही हे आपण फुकटात मान्य करायला तयार असतो, पण कंपनीला ते शिक्क्यानिशी लागतं. कागद आज ना उद्या मिळेल, दुसऱ्या किल्लीचं काय? ती 2019 च्या दिवाळीच्या साफसफाईनंतर कुणी पाहिलेली नाही. घरी येऊन मी माझी पॉलिसी काढली. निव्वळ थर्ड पार्टी. मी कुणाला धडकलो तर त्याची सोय आहे; माझी गाडी गेली तर मी आणि माझं नशीब.

हँडल लॉकवर माझा विश्वास नव्हताच. तो लक्ष्मी रोडवर टोइंगवाल्या पोरांनी कधीच घालवला होता. हँडल लॉक केलेली गाडी दोघांनी पुढून-मागून धरून, चहाचा ट्रे उचलावा तशी दहा सेकंदांत टेम्पोत ठेवली होती. मी धावत पोचलो तेव्हा रस्त्यावर खडूने लिहिलेला नंबर तेवढा उरला होता. कायदा जर इतक्या सहजतेने गाडी उचलू शकतो, तर चोराला काय अवघड? त्याला तर खडूचाही खर्च नाही.

म्हणून रविवार पेठेत बोहरी आळी गाठली. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “झोपाळ्याला की कुत्र्याला?”

“गाडीला.”

“कोणती?”

सांगितली. त्याने आता मान वर केली आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. “साल?”

तेही सांगितलं. मग त्याने गल्ल्याचा ड्रॉवर लावला आणि शिकवणी सुरू केली. साधी लोखंडी साखळी किलोवर मिळते, ती झोपाळ्याला ठीक. कटर लावला की करवंदासारखी फुटते. हवी पोलादाची, पाणी दिलेली. ओळखायची कशी? त्याने खणातून कानस काढली आणि एका कडीवर घासली. लोखंडाचा कीस पडला. दुसऱ्या साखळीवर घासली, तर कानस नुसती निसटली, रेघसुद्धा उठली नाही. कडी गोल नको, चौकोनी घ्या, कटरचा जबडा नीट बसत नाही. निदान 10 मिलिमीटर जाडीची घ्या. त्याच्याकडे 16 मिलिमीटरचीही होती; ती मीटरला साडेपाच किलो भरते. दोन मीटर घेतली तर डबलसीट बसायची परवानगी साखळीलाच द्यावी लागेल. आणि मुख्य म्हणजे साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही. 36 इंची कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर माणूस उभा राहिला, की त्याचं सगळं वजन कडीवर येतं. चोराला तालीम करायची गरज उरत नाही, नुसतं जेवून यायचं.

इंग्लंडात सोल्ड सिक्युअर नावाची संस्था आहे. ती 1992 पासून कुलपं फोडून बघते आणि त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. बोहरी आळीची पद्धत अशी की दुकानदार कुलूप काउंटरवर आपटतो आणि तुमच्या डोळ्यांत बघतो. अर्देशीर गोदरेजांनी 1897 साली लालबागेत कुलपं करायला घेतली, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाची कुलपाची परीक्षा एकच आहे : हाताला जड लागलं पाहिजे. मला जड लागलं. बिल 4,600 झालं, ते आणखी जड लागलं. गाडीचे जुन्या बाजारात 14,000 येतील. चार आण्याची कोंबडी म्हणतात तसलाच प्रकार, फक्त इथे कोंबडीही म्हातारी.

“आता चोरी होणार नाही ना?” मी विचारलं.

“तुमची नाही होणार,” तो सुटे मोजत म्हणाला. “ह्यानं चोर थांबत नाही हो. शेजारच्या गाडीकडे जातो.”

एवढं स्वच्छ बोलणारा माणूस मला सोसायटीच्या सभेत आजवर भेटलेला नाही. शेजारच्यापेक्षा एक मिलिमीटर जाड, बस्स. इतकं सोपं गणित, आणि आमच्या अख्ख्या इमारतीला ते एका आठवड्यात उमगलं. 102 ने 8 मिलिमीटरची आणली, म्हणून 201 ने 10 ची. 304 ने जीपीएस बसवलं आणि गाडी पार्किंगमध्येच आहे हे तो गॅलरीत उभा राहून, खाली गाडीकडे बघत, मोबाइलवर दाखवू लागला. एकदा ठिपका हलला. त्याने पोलीस चौकीला फोन करून चोराचा मार्ग सांगायला सुरुवात केली. चोर डावीकडे वळला, सिग्नलला थांबला, आणि शेवटी वाहतूक शाखेच्या आवारात शिरला. गाडी पोरगा क्लासला घेऊन गेला होता आणि त्याने ती नो पार्किंगमध्ये लावली होती.

203 वाल्यांनी डिस्क ब्रेकला लावायचं अलार्मचं कुलूप घेतलं. 110 डेसिबल. पहिल्याच सकाळी ते काढायला विसरले, गाडी तीन फूट गेली आणि ते पाच फूट गेले. रात्री मांजर सीटवर चढलं की अलार्म. पहिल्या रात्री बारा जण काठ्या घेऊन खाली आले, दुसऱ्या रात्री चार, तिसऱ्या रात्री फक्त मांजर. आता तो अलार्म वाजला की लोक कूस बदलतात.

खरी अडचण निराळीच होती. साखळी कितीही चांगली असो, ती जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधावी लागते. नुसती चाकात अडकवली तर गाडी साखळीसकट उचलून नेता येते, वर साखळी बक्षीस. आमच्या पार्किंगमध्ये न हलणाऱ्या वस्तू दोन : पावसाळी पाइप आणि सेक्रेटरी. पाइप प्लास्टिकचा. म्हणून मी काँक्रीटमध्ये एक कडी बसवण्याचा अर्ज दिला. उत्तर आलं की पार्किंगखाली पाण्याची टाकी आहे, भोक पाडल्यास गळती होईल. विषय सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्यावा लागेल. तोवर चोरांनी सहकार्य करावं, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

तेव्हा 203 वाले आणि मी एक करार केला. माझी साखळी दोघांच्या मागच्या चाकांतून आणि फ्रेममधून ओवायची, जमिनीपासून वर ताणून. एकाची गाडी न्यायची तर चोराला दोन्ही न्याव्या लागतील, त्याही जोडीने, लग्नाच्या वरातीसारख्या. किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. 203 वाले रोज पहाटे पाचला पर्वतीवर जातात, हे सतरा वर्षांच्या शेजारात मला माहीत नव्हतं. आता साखळीच्या खळखळाटाने कळतं. मी ऑफिसातून किती वाजता येतो, हेही त्यांना कळू लागलं. एका चोराने आमच्यात जो घरोबा केला, तो गणपतीच्या वर्गणीला कधी जमला नव्हता.

जूनमध्ये 203 वाले मुलीकडे न्यू जर्सीला गेले. सहा महिन्यांसाठी. किल्ली घेऊन. माझी किल्ली मी जपून देव्हाऱ्यात ठेवली होती. ती जास्वंदाच्या फुलांबरोबर निर्माल्यकलशात गेली.

फोन केला. तिकडे रात्र होती. खूप वेळ शांतता, मग ते म्हणाले, “कापायचीच तर तुमच्या बाजूची कडी कापा.”

चौकातला किल्लीवाला कुलपाच्या भोकात डोळा घालून म्हणाला की हे त्याच्याने होणार नाही, आणि भाच्याला फोन लावला. भाचा स्कूटरवर आला, पायाशी 4 इंची ग्राइंडर. नाव विचारलं नाही, आरसी विचारली नाही, गाडी कुणाची हेही नाही. वॉचमनने आपल्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला आणि ठिणग्या टाकीवर उडू नयेत म्हणून ओलं गोणपाट धरून उभा राहिला. पोलादाची किंचाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली असणार. एक खिडकी उघडली, “दुपारची झोप असते लोकांची,” असा आवाज आला, आणि खिडकी बंद झाली. कडीला दोन्ही बाजूंनी दोन काप. दीड मिनिट लागलं, त्यात अर्धं मिनिट त्याने तंबाखू मळली. 300 रुपये घेतले आणि जाताना 102 च्या 8 मिलिमीटरकडे बघून म्हणाला, “ही तर डिस्क न लावतापण निघेल.”

संध्याकाळी मी वॉचमनचं रजिस्टर सहज पाहिलं. 301 ची गाडी गेली त्या रात्रीचं पान कोरं होतं. आजच्या पानावर मात्र नीट रकाने भरले होते :

वेळ : दुपारी 2.40. नाव : ग्राइंडरवाला. कोणाकडे : 104. काम : गाडी सोडवणे. शेवटच्या रकान्यात सही, आणि कंसात : ओळखीचा.