इंजिन खाली आहेच तर

आमच्या मारुती ८००नं निळा धूर सोडायला सुरुवात केली, तेव्हा सोसायटीतून पहिली चौकशी आली ती डासांची फवारणी आपल्या विंगमध्ये कधी, अशी. धुराच्या रंगाला अर्थ असतो हे मला मिस्त्रींनी शिकवलं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढरा आणि थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. त्यातही पोटभेद आहेत. सकाळी चालू करताना एक भपकारा सोडून गप्प बसली, तर व्हॉल्व्ह सील. कात्रजच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागचा स्कूटरवाला दिसेनासा झाला, तर रिंगा. आमचा स्कूटरवाला दिसेनासा होत होता. आवाज मात्र येत होता, आणि तो काय म्हणतोय तेही कळत होतं.

खात्रीसाठी मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि त्याच भोकावर उलटं ठेवलं. झाकण आधी थरथरलं, मग थयथय नाचलं आणि उडून बॅटरीच्या मागे पडलं. ते शोधता शोधता मिस्त्री म्हणाले, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय साहेब. इंजिन कामाला आलं."

यात गाडीचा काही दोष नाही. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची चावी दिली गेली. तेव्हापासून जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत या तीन सिलिंडरच्या, ७९६ सीसीच्या जिवानं देशातल्या मध्यमवर्गाला देवदर्शन घडवलं, लग्नाची वऱ्हाडं ओढली. आमची २००३ची. चारजणांच्या गाडीत आमच्याकडे सहाजण बसत आणि सातव्याला 'तू लहान आहेस' म्हणून मांडीवर घेतलं जाई. तो सातवा आता एमबीए झालाय.

मिस्त्रींनी दोन रस्ते सांगितले. एक, इंजिन खोलायचं, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकायच्या, २८ हजार. दुसरा, कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून बसवायचं, २२ हजार. तिसरा रस्ता मेहुण्यानं सांगितला, गाडी विकून टाकायची. तो आयटीत असल्यामुळे एक्सेल शीटशिवाय बोलत नाही. शीटप्रमाणे गाडीची आजची किंमत ४० हजार; तिच्यावर २८ हजार घातले, तरी ती ४० हजारच. हे २८ हजार जातात कुठे, या माझ्या प्रश्नावर त्यानं मला लाल रंगाची एक चौकट दाखवली. शेजारी बसलेले सासरे म्हणाले, "आमची पद्मिनी आम्ही दोनदा बोअर केली होती." त्यांच्याकडे प्रत्येक आर्थिक प्रश्नाला पद्मिनीचंच उत्तर असतं. मुलीच्या लग्नाच्या वेळीही होतं.

कुर्ल्याला मी जाऊन आलो. सीएसटी रोडवरच्या त्या दुकानांत इंजिनं एकावर एक रचलेली असतात आणि कुठल्याही इंजिनावर बोट ठेवा, ते डॉक्टरच्या गाडीतलं निघतं. "फक्त घर ते दवाखाना, साहेब." मी चार दुकानं हिंडलो, सगळीकडे डॉक्टर. महाराष्ट्रातली वैद्यकीय सेवा नेमकी कुठे अडकलीय, याचा मला तिथे पत्ता लागला. एका विक्रेत्याला म्हटलं, वकिलाचं नाही का एखादं? तो म्हणाला, "वकिलाचं कशाला घेता? आवाज करतं."

शिवाय दुसरं इंजिन घेतलं की त्याचं बिल हवं, आरटीओची परवानगी हवी, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायला हवा. नाहीतर उद्या विम्याचा क्लेम लावताना कागदावरचं इंजिन वेगळं आणि गाडीतलं वेगळं. आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, असं गीता सांगते. आरटीओत उलटा कारभार आहे. चॅसिस नंबर कायम असला की आतला आत्मा बदलला तरी चालतो, फक्त अर्ज करावा लागतो. आणि अर्ज केला की इतर तारखाही डोळ्यांसमोर येतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, आणि पूर्वी ६०० रुपये असलेली फी २०२२ मध्ये ५००० झालेली. मेहुण्यानं लगेच शीटमध्ये आणखी एक लाल चौकट वाढवली.

मी त्याचं म्हणणं मान्य केलं. बायको तर गाडीला 'तुमचं भंगार' याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारत नव्हती. जुन्या गाड्या घेणारा एकजण रविवारी आला. आला तोच पुढच्या टायरला लाथ मारून. मग खाली वाकून त्यानं दाराच्या कडेवर अंगठा दाबला. रंगाचा पोपडा सुटला.

"पत्रा सडलाय ताई. भंगारातच जाईल."

"सडलाय कुठे?" बायको गॅलरीतून खाली आली. "दिवाळीत धुतलीय. आणि लाथ कशाला मारताय?"

"बघावं लागतं."

"हातानं बघा."

त्यानं १८ हजार सांगितले. बायकोनं आवाज न चढवता, "तुमचा चहा झाला का?" असं विचारलं. आमच्याकडे याचा अर्थ निघा असा होतो. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "अहो, त्या मिस्त्रींना फोन करा. आणि ते डॉक्टरबिक्टर नको. आहे तेच नीट करा."

मेहुण्याला आम्ही अजून कळवलेलं नाही.

काल मिस्त्रींचा फोन आला. "साहेब, इंजिन खाली आहेच तर क्लचप्लेट टाकून घेऊ का? नंतर परत उतरवायची मजुरी पडेल." रास्त होतं. थोड्या वेळानं, "खाली आहेच तर टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप." मग माउंटिंगची रबरं. संध्याकाळी, "रेडिएटरही धुऊन घेऊ?" मी प्रत्येक वेळी हो म्हणत होतो. रात्री जेवताना मी बायकोला एकूण आकडा सांगितला. तो ऐकून तिनं वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, "एवढं करतोच आहोत तर सीट कव्हरं पण सांगा. मरून रंगाची."