कॉफीच्या गावी उपास

मला कोणत्याही डॉक्टरने कॉफी सोडायला सांगितलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक सहानुभूती दाखवतात आणि कौतुक राहून जातं. दिवसाला सहा कप पिणारा माणूस म्हणून ऑफिसात माझं नाव होतं. ते नाव जुनं झालं, म्हणून कॉफी सोडलेला माणूस व्हायचं ठरवलं. पराक्रम सोपा वाटू नये म्हणून जागा निवडली चिखलदरा. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्यात, हे वऱ्हाडातल्या पोराला शाळेपासून पाठ असतं. दारू सोडायची तर भट्टीशेजारी खोली घेऊन सोडावी, अशी माझी उदात्त भूमिका.

पहिल्या सकाळी हॉटेलातला पोरगा दार वाजवून म्हणाला, "साहेब, कॉफी घ्या ना, इथलीच हाय."

"सोडली," मी म्हणालो आणि थांबलो. किती प्यायचो, कधी सोडली, कशी सोडली, असं काहीतरी तो विचारेल म्हणून थांबलो. तो म्हणाला, "बरं," आणि शेजारचं दार वाजवायला गेला.

दुसऱ्या दिवशी डोकं असं दुखलं की कवटीत कोणी दळण घातलंय असं वाटावं. याचं शास्त्र मी वाचून आलो होतो. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन साचत जातं, ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की पेंग येते, आणि कॉफीतलं कॅफीन नेमकी तीच जागा अडवून बसतं. म्हणजे सावकाराचा माणूस वसुलीला आलाय आणि आपण आतून कडी लावून "घरी कोणी नाही" असं ओरडतोय. तो जात नाही. ओट्यावर पाय सोडून बसतो. वर संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं, म्हणजे झोप उडते आणि उद्याच्या पेंगेची सोय आजच होते. सहा कपांचा माणूस म्हणून मी जे मिरवत होतो ते कर्जच होतं.

मग कॉफीविना तरतरीचे उपाय सुरू केले. उठल्या उठल्या दोन तांबे पाणी, कोवळं ऊन, खिशात फुटाणे, देवी पॉइंटपर्यंत पायपीट. उपाय चांगले आहेत. पण पाणी, ऊन आणि फुटाणे यांच्या जिवावर कोणावर छाप पाडता येत नाही, हा त्यांतला मोठा दोष.

देवी पॉइंटहून परतताना मी भीमकुंडापाशी बसलो आणि तिथे मला भीमाचा हेवा वाटला. इथली कथा सगळ्यांना ठाऊक आहे: भीमाने कीचकाला मारलं, या दरीत फेकलं, कुंडात हात-अंग धुतलं, कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला. पण भीमाच्या दिनक्रमाकडे कोणी नीट पाहत नाही. हा माणूस विराटाकडे बल्लव नावाने आचारी होता. म्हणजे सकाळपासून चुलीपुढे. राजवाड्याचा स्वयंपाक, एका वेळचा नव्हे, रोजचा. मधूनमधून राजाच्या करमणुकीसाठी कुस्त्या. एवढं झाल्यावर रात्री नृत्यशाळेत जाऊन सेनापतीचा गोळा करायचा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांकडच्या स्टीव्हन्सनच्या फौजेने इथल्या डोंगरांतून जड तोफा हातांनी ओढत गाविलगड किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या, त्याचं मला इतकं वाटत नाही. फौज मोठी होती. भीम एकटा होता. मी रात्री जेवल्यावर मच्छरदाणीचं चौथं टोक बांधत नाही, तसाच झोपतो. आणि भीमाच्या काळी कॉफी नव्हती हो! ती इथे आणली इंग्रजांनी.

भीमाचं रहस्य माझ्या मते झोपेत होतं. महाभारतात द्रौपदी कीचकाची तक्रार घेऊन रात्री मुदपाकखान्यात जाते तेव्हा भीम गाढ झोपलेला असतो. तिला त्याला उठवावं लागतं.

हे आठवलं आणि मी ताबडतोब भीममार्ग धरला. दुपारी वीस मिनिटांची डुलकी, फोनवर गजर. जाग आली तेव्हा खिडकीत लाल उजेड होता आणि तो सकाळचा की संध्याकाळचा ते मला कळेना. गजर मीच झोपेत बंद केला होता. अडीच तास! तोंड कडू, हातपाय परक्याचे. वीस मिनिटांनी उठलं तर माणूस हलका उठतो. त्यापुढे गाढ झोपेत उतरला की खणून काढावा लागतो.

आमच्या बाबांना मात्र ही डुलकी जमायची. एसटीत ड्रायव्हर होते, परतवाडा-चिखलदरा घाट त्यांच्या हाताखालचा. दुपारी घरी यायचे, जेवायचे, तोंडावर दुपट्टा टाकून चटईवर आडवे व्हायचे आणि वीस मिनिटांत ताजे होऊन पुढच्या फेरीला जायचे. घाटात कधी डोळा लागला नाही. कॉफी आमच्याकडे जायफळ घालून व्हायची, तीही पाहुणे आले तरच. बाबांचा झोपेवर ताबा आहे, असं मी मित्रांना अभिमानाने सांगायचो.

ताबा कोणाचा होता ते त्या लाल उजेडात बसून आठवलं. आई उंबऱ्यात सुपात तूरडाळ घेऊन बसायची. भंगारवाला गल्लीत शिरला की त्याला हातानेच परतवायची. कावळा पत्र्यावर बसला की डाळीतला खडा त्याच्याकडे. आम्हा पोरांना श्वासही मोजून घ्यायची परवानगी. सुपाकडे पाहत ती निवडायची, पण नजर भिंतीवरच्या घड्याळात. वेळ झाली की बाबांना हाक नाही, खांद्याला हात नाही. पायाचा अंगठा दोनदा ओढायची. ते उठून बसायचे. पहाटे चारला त्यांचा डबा करायला उठलेलीही तीच असायची.

ती दुपारी झोपायची कधी? मी खूप आठवून पाहिलं. उंबरा आठवला, सूप आठवलं, निजलेली आई आठवेना. फोन लावला.

"आई, तू दुपारी कधी झोपायचीस गं?"

"मी झोपली असती तं तुह्या बाबाले उठवलं कोनं असतं?" मग जरा थांबून, "काहून? तब्येत बरी हाय ना तुही?"

मी कॉफी सोडल्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, सहा कप, डोकेदुखी, सावकार, अडीच तास. प्रथमच कोणी पूर्ण ऐकत होतं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "झोपतो किती वाजता तू दुपारी?"

"अडीचला."

दुसऱ्या दिवशी अडीचला आडवा झालो. दोन पन्नासला फोन वाजला.

"उठला का बाप्पा? का अंगठा ओढाले येऊ?"