उणे वीस मीटर रुंदीचा प्लॉट

संध्याकाळी सावेडीत पाइपलाइन रोडवर जी गर्दी दिसते, तिच्यातली निम्मी दहावीच्या क्लासला निघालेली असते आणि निम्मी क्लासहून परतत असते. आमची पुतणी दोन्हींत मोडते. तरी घरी आल्यावर बीजगणिताची वही माझ्याच पुढ्यात पडते. क्लासमध्ये ‘समजलं का?’ विचारतात आणि सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात, त्याचा हा परिणाम.

परवा गणित प्लॉटचं होतं. लांबी रुंदीपेक्षा ६ मीटर जास्त, क्षेत्रफळ २८० चौरस मीटर, तर रुंदी किती? क्ष² + ६क्ष − २८० = ०. आता गुणाकार उणे २८० आणि बेरीज ६ येईल अशी जोडी हुडकायची. त्यापेक्षा पत्रिका जुळवणं सोपं. तिथे छत्तीसात अठरा जमले तरी अक्षता पडतात. २८ आणि १०? फरक अठरा. ३५ आणि ८? सत्तावीस. शेवटी २० आणि १४ सापडले, मधलं पद फोडलं, (क्ष + २०)(क्ष − १४) = ० झालं. गुणाकार शून्य, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य. रुंदी १४ मीटर, नाहीतर उणे २०.

“उणे वीसचं काय करायचं गं?”

“बाद, काका.”

सावेडीतले भाव बघता कुठलाच प्लॉट बाद करायला जीव होत नाही. पण उणे रुंदी गुंठेवारीतसुद्धा नियमित होत नाही.

खरं तर पुस्तकवाल्यांनी १४ आणि २० आधी ठरवून मग प्लॉट आखलेला असतो. त्या ६ चे ७ करून बघा. विवेचक ११६९ येतो, तो कुठल्याच पूर्ण संख्येचा वर्ग नाही. अवयव हात वर करतात आणि मुकाट्याने सूत्र काढावं लागतं.

गणिताचे क्लास तसे आमच्या बाजूला जुनेच. इथून मनमाड रस्त्याने मनमाडही ओलांडून गेलं की चाळीसगाव येतं. तिथल्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे, की १२०७ मध्ये तिथल्या सोईदेव राजाने गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दान दिलं. म्हणजे क्लासला वरून अनुदान! हे आमच्याकडच्या क्लासवाल्यांच्या कानावर न गेलेलं बरं.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं माकडांचं गणित मी पुतणीला घातलं. कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर उरलं. क्ष² − ५५क्ष + २५० = ०. तिने चुटकीसरशी ५० आणि ५ काढले.

“यातले ५ भास्कराचार्यांनी बाद केले,” मी म्हणालो. “पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उणे २ माकडं. असल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं त्यांनी लिहिलंय.”

पुतणीने पेन्सिल कानामागे खोचली.

“‘लोकांचा विश्वास बसत नाही’ हे कारण बोर्डाला नाही चालत, काका. अर्धा मार्क गेला त्यांचा.”