लाइटीला पंच, नळाला साहेब

सुरतेतल्या कतारगामच्या पापडीचा थंडीतला भाव ठरवायला आयोग लागत नाही. गिऱ्हाईक नाक मुरडतं, भाजीवाली थोडी खाली येते, उंधियू होतो. लाइटबिलाशी मात्र घासाघीस चालत नाही. सुरतेचा काही भाग टॉरेंट पॉवरचा, काही सरकारी दक्षिण गुजरात वीज कंपनीचा. पण तुमच्या गल्लीत तार एकाचीच. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणारा रत्नकलाकार असो की चार घंट्यांचा शेठ, दुकान बदलायची सोय नाही. म्हणून 1998 मध्ये पंच नेमला गेला: गुजरात विद्युत नियामक आयोग.

हा पंच बसतो गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत, कतारगामपासून अडीचशे किलोमीटरहून लांब. 2003 चा वीज कायदा सांगतो की कंपनीने दर मागितला की तो जाहीर करायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि 120 दिवसांत आदेश काढायचा. फार छान. फक्त हरकत घ्यायची तर आधी आकड्यांनी गच्च भरलेला अर्ज वाचायचा, वितरण हानी आणि भांडवलावरचा परतावा समजून घ्यायचा, वर शपथपत्र जोडायचं. ज्याची मजुरी नगावर, त्याने त्या दिवशी हिरे घासायचे की परतावा? त्यामुळे सुनावणीत उद्योगांच्या संघटना असतात, काही जिद्दी ग्राहक कार्यकर्ते असतात, आणि ज्याच्या नावाने सगळं चाललंय तो कारखान्यात असतो.

खरी गंमत बिलातल्या इंधन अधिभाराची. सूत्र आयोगाचं. वर्षानुवर्षं नियम असा होता की तिमाहीला युनिटमागे 10 पैशांपर्यंतची वाढ कंपनीने लावून टाकावी. त्याहून जास्त हवी असेल तरच आयोगाकडे यावं. तिमाही वर्षातून चारदा येते, हे कंपनीला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये सरकारी कंपन्यांचा हाच अधिभार 2 रुपये 85 पैशांवरून 2 रुपये 45 पैशांवर आला, तेव्हा गोड बातमी कुणी दिली? ऊर्जामंत्री कनुभाई देसाई यांनी. चढतो तो सूत्राने, उतरतो तो सरकारच्या कृपेने. बिलातलं विद्युत शुल्क तर थेट राज्याच्या तिजोरीत जातं. तिथे पंचाची शिट्टी वाजतच नाही.

पंच नेमतं कोण? राज्य सरकार. वीज कंपनी कुणाची? चार वितरण कंपन्या त्याच सरकारच्या. मधे निवड समिती आहे, तिच्यावर निवृत्त न्यायमूर्ती असतात, हे मान्य. तरी आयोगात कायदा जाणणारा माणूस असायलाच हवा का, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 12 एप्रिल 2018 चा निकाल: अध्यक्ष न्यायाधीशच हवा असं नाही, पण किमान एक सदस्य कायद्याचा हवा. खटल्याच्या नावात पहिला पक्षकार होता गुजरात राज्य.

एवढं बोलूनही मी पंचाच्याच बाजूचा. निदान आदेश छापील असतो, कंपनीने मागितलेल्या खर्चाला कात्री कुठे लागली ते दिसतं, आणि त्यावर दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं. आता त्याच घरातला नळ सोडा. सिंगणपोरचा बंधारा कतारगामला खेटून, जलशुद्धीकरण केंद्र कतारगाममध्येच, पाणी तापीचं. दर कुणाचा? महापालिकेचा. आयुक्त मसुदा मांडतात, स्थायी समिती त्यावर हात फिरवते, सर्वसाधारण सभा हात वर करते. विकणारी तीच, भाव ठरवणारी तीच, तक्रारीची खिडकीही तिचीच. वेराबिलात, म्हणजे पालिकेच्या करबिलात, पाणी, गटार, सफाई सगळं एका कागदावर येतं, आणि त्यातला कुठला आकडा कशामुळे वाढला हे विचारायला गिफ्ट सिटीसारखा लांबचा पत्तासुद्धा नाही. देशाचे जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील, मूळचे जळगाव जिल्ह्याचे आणि राजकारणाने सुरतेचे. खानदेशी पाहुण्यांनी एवढी मोठी खुर्ची मिळवली, पण नळाला पंच काही आला नाही.

सिडनीत हे चालत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये आयपार्ट नावाचं एकच स्वतंत्र न्यायाधिकरण वीजबाजारावर नजर ठेवतं, सिडनीच्या पाण्याचा दर ठरवतं आणि नगर परिषदांनी यंदा करवसुली किती टक्के वाढवायची त्याची मर्यादाही घालून देतं. तिथल्या नगरसेवकांना ते आवडतं असं नाही.

मराठी वाचकाने यावर मिशांना पीळ देऊ नये. महाराष्ट्राने 2005 मध्ये देशात पहिल्यांदा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण काढलं खरं. ते ठोक पाण्याचा दर ठरवतं. तुमच्या नळाचा नाही. कुणाच्या वाट्याचं पाणी कुणाला द्यायचं, हा मोठा अधिकार मात्र 2011 मध्ये कायदा दुरुस्त करून मंत्रिमंडळाने स्वतःकडे परत घेतला. सहा वर्षांत शिट्टी काढून घेतली, टोपी राहू दिली. मुंबई शहर सोडलं तर महापालिकांचा कायदा दोन्ही राज्यांचा मूळचा एकच, मुंबई प्रांताचा, 1949 चा. फक्त पाटी आपापली.

यावर पालिकेच्या गोटातून ठरलेलं उत्तर येतं: लोकनियुक्त संस्थेवर वेगळा नियामक कशाला? मतदार बसलाय ना! बसलाय. पालिकेची नव्हे, पण लोकसभेची गोष्ट पाहा: कतारगाम विधानसभा मतदारसंघ सुरत लोकसभा मतदारसंघात येतो. 2024 मध्ये तिथे काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. मतदान झालंच नाही, त्यामुळे ‘वरीलपैकी कोणी नाही’चं बटणसुद्धा कुणाच्या बोटाला लागलं नाही.