शिव शिव, कार्बोनारात क्रीम!

ऐकलंत ना? ती दोघंही इटलीला जाऊन आली म्हणे. कोण दोघं म्हणून काय विचारता! तुमच्या सोसायटीत असतीलच. आमच्याकडे तर दर विंगेत एक जोडी निघाली आहे. कुणाची मुलं हॉस्टेलला गेलेली, कुणाला अजून व्हायची आहेत, कुणाला नकोच आहेत; व्हिसा मात्र सगळ्यांना लागलेला. आणि जातात कशाला? तर जेवायला. अहो खरंच, जेवायला!

पूर्वी असली थेरं नव्हती. युरोपला जायचं ते बसभर माणसांबरोबर. अख्खी इटली दोन-तीन दिवसांत उरकायची. पिसाचा मनोरा हाताने सावरल्याचा फोटो काढायचा, रोमच्या त्रेव्ही कारंज्यात एक नाणं टाकायचं, व्हेनिसहून काचेचं काहीतरी आणायचं आणि संध्याकाळी टूरच्या महाराजांच्या हातचा वरण-भात खाऊन ‘घरच्यासारखं होतं हो’ असं सर्टिफिकेट द्यायचं. बॅगेत भडंग आणि मेतकूट असायचंच. आता या नव्या जोड्यांना टूर मॅनेजर नको, सहप्रवासी नकोत आणि लोणच्याची बाटलीसुद्धा नको! आई बिचारी विमानतळावर डबा पुढे करते, तर लेक म्हणते, “अगं, तिकडे सकाळी कोर्नेतो असतो.” हा कोर्नेतो म्हणजे शिंगाच्या आकाराचा गोड पाव. म्हणजे बेसनाच्या लाडवाला नकार देऊन पाव!

या सगळ्याचं खापर मी त्या दोन लग्नांवर फोडते. 2017 च्या डिसेंबरात अनुष्का आणि विराट तस्कनीत जाऊन बोहल्यावर चढले, पुढच्याच वर्षी दीपिका आणि रणवीर कोमो तलावाकाठी. तेव्हापासून आमच्या लोकांना वाटायला लागलं, की लग्न इथे झालं ते झालं, निदान वाढदिवस तरी तिकडे व्हायला हवा.

बरं, जोडीनं गेलात, ठीक आहे. पण तिथे जाऊन करता काय? वेरोनाचीच गोष्ट घ्या. ज्युलिएटचं घर म्हणून एक वाडा दाखवतात. सज्जाखाली ही गर्दी! बायको वर सज्जात, नवरा खाली मोबाइल घेऊन मान वर करून उभा. मागे तिकीट काढलेल्या दहा ज्युलिएटा आपल्या पाळीची वाट बघतायत. आता तो सज्जा म्हणाल तर 1930 च्या दशकात लावलेला. शेक्सपिअर जाऊन तीन शतकं उलटून गेल्यावर! ज्युलिएट मुळात कल्पनेतली, सज्जा नंतर चिकटवलेला, पण फोटो काढणारा नवरा मात्र खरोखर घामाघूम. आणि अंगणात ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याच्या... कसं सांगू बाई... छातीला हात लावला की प्रेमात यश येतं म्हणे. 1972 साली बसवलेला पुतळा लोकांनी घासून घासून असा झिजवला की 2014 मध्ये तो आत हलवून बाहेर नक्कल ठेवावी लागली. लग्नाला पंधरा वर्षं झालेली माणसं तिथे रांगेत उभी! यांना आता आणखी कसलं यश हवंय?

व्हेनिसला तर गावात पाय ठेवायचेही पैसे. 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला पाच युरो, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून आयत्या वेळी जाग आली तर दहा. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो. त्यात पाच जण बसतात. पण आमची जोडपी रोमँटिक ना, दोघांतच बसणार आणि नव्वदच्या नव्वद मोजणार. गाणं हवं तर गाणाऱ्याचे वेगळे. सेंट मार्कच्या चौकात जुनी कॅफे आहेत, 1720 पासूनचं फ्लोरियन त्यातलंच. बाहेर वाद्यवृंद वाजत असताना खुर्चीत टेकलात की बिलात संगीताचेही पैसे. म्हणून काटकसर करायला जावं, तर तेही पाप! 2019 मध्ये बर्लिनहून आलेल्या दोघा प्रवाशांनी रियाल्तो पुलाच्या पायऱ्यांवर छोटी शेगडी पेटवून स्वतःची कॉफी केली. दंड किती? साडेनऊशे युरो, वर गावाबाहेर हकालपट्टी. आपल्याकडे रेल्वे फलाटावर स्टोव्ह पेटवून अख्ख्या वऱ्हाडाला पोहे खाऊ घातलेल्या पिढीने हे ऐकून काय करावं?

फ्लॉरेन्सनेही 2018 मध्ये उफ्फिझीजवळच्या काही गल्ल्यांत ऐन जेवणाच्या वेळी फुटपाथवर, दारांच्या उंबऱ्यांवर बसून खायला बंदी घातली होती, दंड पाचशे युरोपर्यंत. म्हणजे आधी सँडविचसाठी रांग लावायची आणि हातात पडलं की खायचं कुठे ते शोधत पळायचं. याच फ्लॉरेन्समध्ये लाम्प्रेदोत्तो मिळतं, गाईच्या चौथ्या जठराचं, पावात घालून. इथे वजडीचं नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्या एका वहिनींनी ते डोळे मिटून खाल्लं आणि ‘टेक्श्चर सुंदर होतं’ म्हणाल्या. टेक्श्चर!

पण खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. ही माणसं इटलीहून येताना चीज आणतात, ऑलिव्हचं तेल आणतात, ते परवडलं. सोबत सोवळं आणतात, त्याचं काय?

आजीचं सोवळं यांनी कधीच मोडीत काढलं. चातुर्मासात कांदा चालतो, एकादशीला ऑम्लेट चालतं, ‘असं काही नसतं ग आई’ हे घरोघरी शंभरदा ऐकून झालंय. आणि इटलीहून परतल्यावर? अकरानंतर कॅपुचिनो चालत नाही. स्पागेत्ती मोडायची नाही, कापायची नाही. पास्त्यात चिकन घालायचं नाही. माशांच्या पास्त्यावर चीज किसायचं नाही! अरे, मासे आणि दूध एकत्र नको म्हणून आजी ओरडायची तेव्हा हसत होतात ना? आता इटलीतल्या वेटरने भुवई उंचावली तर एका फटक्यात पटलं?

आणि कार्बोनारा! परवा एका भिशीत यजमानीण बाईंनी हौसेनं केला, वर छान क्रीम घातलं. नुकतीच रोमहून आलेली जोडी ताटाकडे अशी बघायला लागली, जणू कुणी नैवेद्यात पाय घातला. “क्रीम नसतं यात,” नवरा हळूच म्हणाला. “फक्त अंडं, पेकोरिनो आणि ग्वांचाले.” ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. भिशीत निम्म्या बायका शाकाहारी, सगळ्यांचे घास घशातच राहिले.

आता त्या नवरोबांना कोणी सांगावं, की 1954 साली ‘ला कुचिना इतालियाना’ या इटलीतल्याच मासिकात कार्बोनाराची कृती छापून आली, तिच्यात लसूण होता आणि ग्रुइयेर नावाचं स्विस चीज होतं! पार्मा विद्यापीठातले अल्बर्तो ग्रांदी म्हणून प्राध्यापक आहेत, खाण्याच्या इतिहासावर लिहितात. ते तर म्हणतात, कार्बोनारा हा युद्धानंतरचा अमेरिकी प्रकार. 2023 मध्ये त्यांची एक मुलाखत छापून आली तर इटलीभर नुसता भडका! आपल्याकडे कुणी पुरणपोळी परदेशातून आली म्हटलं असतं, तर जे झालं असतं तेच.

सोवळ्याची गंगोत्री मात्र बोलोन्यात. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तालियातेल्ले या चपट्या पास्त्याची एक पट्टी सोन्यात घडवून ठेवली आहे. थट्टा नाही, खरं सोनं. 1972 साली ठराव झाला की शिजल्यावर तालियातेल्लेची रुंदी आठ मिलिमीटर भरली पाहिजे. म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग! पुढे 1982 मध्ये त्यावरच्या रागूची, म्हणजे मांसाच्या रश्शाची, कृतीही तिथेच रीतसर दाखल झाली. गंमत अशी की 2023 मध्ये ती बदलली. शास्त्र बदलतं बरं का, फक्त ते त्यांनी बदलावं लागतं. आणि आपण आयुष्यभर मेनूकार्डावर वाचलेली ‘स्पागेत्ती बोलोन्येज’? बोलोन्यात ती विचारली तर तुमच्याकडे कणवेने बघतात. एका जोडीने विचारली म्हणे. नंतरचे दोन दिवस त्यांनी त्या गल्लीतून जाणं टाळलं.

एवढ्या सोवळ्यात एक ओवळं मात्र सगळ्यांनी गुपचूप गिळलंय. आमच्यातल्या कट्टर शाकाहारी जोड्या फुशारकी मारतात, ‘आम्ही आठवडाभर फक्त पिझ्झा-पास्ता-चीजवर काढला.’ काढलात ना? मग ऐका. अस्सल पार्मिज्यानोचं दूध नासवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, नियमच तसा आहे. पेकोरिनोला कोकराचं. मी हे एका ताईंना सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तिकडचं तिकडे.” वा! गंगेत घोडं न्हालं.

नेपल्सबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. तिथे पिझ्झा दोघांत वाटून घ्यायची पद्धत नाही, माणशी एक अख्खा. भट्टी अशी तापलेली की दीड मिनिटाच्या आत पिझ्झा बाहेर. आमच्याकडच्या एका जोडीतली नाजूक जेवणारी ती, तिने आपला संपवला आणि नवऱ्याच्या कडाही. संसारात पहिल्यांदा नवऱ्याला कडा मिळाल्या नाहीत. आणि तिथे कॅफेत एक चाल आहे, आपली एक कॉफी प्यायची आणि आणखी एकीचे पैसे देऊन निघायचं. ती कुणा गरजूने येऊन प्यावी. हे सोवळं मात्र कोणी घरी आणलेलं दिसत नाही.

रोमचा तो 2023 चा प्रकार तर ऐकलाच असेल. कोलोसियमच्या भिंतीवर किल्लीने स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव कोरणारा प्रवासी. मग माफीचं पत्र लिहिलं, की ही वास्तू इतकी जुनी आहे हे नंतर कळलं! आपली जोडपी त्या बातमीला फार हसली. सिंहगडाच्या बुरुजावर कुणाकुणाची नावं आहेत ते मी काढत नाही, शेजारधर्म आहे.

आता तर या लोकांना आवरताच येणार नाही. गेल्या डिसेंबरात, 2025 मध्ये, युनेस्कोने इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बैठक कुठे? दिल्लीत, लाल किल्ल्यात. त्याच बैठकीत आपली दिवाळीही यादीत गेली. तेव्हापासून चकली बिघडली की ‘वारसा आहे, जपून’ असे टोमणे आणि पास्ता बिघडला की शोकसभा.

एका जोडीचा पुढचा बेत सिसिलीचा चाललाय. तिथे उन्हाळ्यात सकाळी न्याहारीलाच बर्फाचा गोड ग्रानिता खातात, सोबत मऊ ब्रियोश. सकाळी सकाळी बर्फ, आणि घशाचं काय? पण ही बातमी कशी कोण जाणे, सासूबाईंपर्यंत गेली. त्यांना आवडली. एवढे नियम पाळणारी माणसं कुठेतरी आहेत हे ऐकून त्या आधीच खूश होत्या, त्यात गोडाची न्याहारी. त्यांनी पासपोर्ट शोधून काढलाय, मामंजींना आणि थोरल्या नणंदेलाही तयार केलंय, आणि जाता जाता व्हेनिसही करू म्हणतायत. गोंडोलात पाच जण बसतात हे त्यांना सांगितलं कुणी, याचा सुनेकडून सध्या कसून तपास चालू आहे. माझं नाव घेऊ नका.